ज्याला थांबता येतं

फेब्रुवारी 2023 मधली एक पट्टी, म्हणजे माल विकल्यावर बाजारात मिळणारी हिशोबाची पावती, अजून डोक्यातून जात नाही. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने दहा पोती कांदा सोलापूरच्या बाजारात आणला. वजन भरलं 512 किलो. लिलावात भाव निघाला किलोला 1 रुपया. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता त्याच्या नावावर उरले 2 रुपये 49 पैसे, आणि हातात आला 2 रुपयांचा चेक, तोही पुढच्या तारखेचा. त्या चेकचा फोटो सगळीकडे फिरला. कुणी व्यापाऱ्याला बोल लावला, कुणी सरकारला, आणि पंधरा दिवसांत विषय मागे पडला. मला मात्र चेकवरच्या आकड्यापेक्षा पट्टीवरचा पहिला आकडा टोचत राहिला. 512 किलो. पाचशे घरांच्या आठवडाभराच्या फोडणीला पुरेल एवढा कांदा. रानात पिकला, काढला, कापला, भरला, वाहून आणला. आणि त्याची किंमत तो तिथवर आणण्याच्या खर्चाएवढीच ठरली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लागलं, आणि 8 डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली, कारण शहरांत कांदा महागला होता. म्हणजे अकरा महिन्यांच्या आत एकाच पिकाने मुबलकतेचा मारही दाखवला आणि टंचाईची भीतीही. अन्न कमी पडलं तर काय होतं, जास्त झालं तर काय होतं, या दोन प्रश्नांवर शतकानुशतकं मोठमोठ्या डोक्यांनी विचार केलाय. तो विचार सोलापूरच्या मातीवर ठेवून पाहावासा वाटतो, कारण या जिल्ह्याला दोन्ही गोष्टी माहीत आहेत. इथे दुष्काळ पाहुणा नाही, घरचाच आहे. आणि डिसेंबर-जानेवारीत मार्केट यार्डात शेकडो गाड्यांचा कांदा उतरतो तेव्हा साल, धूळ आणि तो डोळ्यांत जाणारा गोडसर उग्र वास पार रस्त्यापर्यंत येतो.

आधी कांद्याचंच. ‘भाव नाही तर ठेवायचा होता ना’, हे वाक्य शहरात फार सहज बोललं जातं. सोलापुरात हिवाळ्यात येतो तो मुख्यतः खरिपाचा आणि रांगडा, म्हणजे उशिरा खरिपाचा, लाल कांदा. त्यात पाणी जास्त, मान जाड, सालींचे थर कमी. तो काही आठवडे टिकतो. पुढे कोंब धरतो नाहीतर मानेतून सडायला लागतो. टिकतो तो उन्हाळी. पण तोही नुसता टिकत नाही, टिकवावा लागतो. निम्म्या माना आपोआप पडल्या की काढणी. त्याआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडायचं. तोडलं नाही तर कांदा वजनाला भरतो आणि चाळीत नासतो. काढल्यावर पातीसकट ओळीने पसरायचा, असा की एका ओळीची पात पुढच्या ओळीच्या कांद्यावर यावी आणि उन्हाचा चट्टा बसू नये. तीन-चार दिवसांनी पात कापताना इंच-दीड इंच मान ठेवायची. घाईत मुळाशी कापली की तीच जखम उघडी राहते आणि रोग तिथूनच आत शिरतो. मग सावलीत दहा-बारा दिवस सुकवणी, आणि त्यानंतर चाळ: जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेली, खालून-बाजूंनी वारा खेळणारी, चार फूट रुंद, आणि ढीग चार-पाच फुटांच्या वर नाही. ढीग उंच केला की खालचा कांदा दबतो, मधला घामेजतो. एवढं सगळं करूनही चार-पाच महिन्यांत वजनातली घट, सड आणि कोंब मिळून तिसरा हिस्सा सहज जातो. लाल कांद्यावर यातलं काहीच फारसं चालत नाही. तो निघाला की विकायचा. ते पीक शेतकऱ्याला वेळ देत नाही.

वेळ. सगळी गाठ इथे आहे, असं मला वाटतं.

1758 च्या सुमाराला फ्रान्सच्या राजाचा वैद्य फ्रांस्वा केने हा शेती आणि पैसा यांचा हिशोब मांडत बसला होता. त्याच्या सूत्रांतलं एक सोलापूरच्या यार्डाच्या कमानीवर कोरण्याजोगं आहे. मुबलकता आहे पण मोल नाही, ती संपत्ती नव्हे. टंचाई आणि महागाई हे दारिद्र्य. मुबलकता आणि चांगला भाव ही खरी समृद्धी. त्या काळी बहुतेक राज्यकर्त्यांना धान्य स्वस्त असलं की पुरेसं वाटायचं, कारण स्वस्त भाकरी म्हणजे शांत शहर. स्वस्ताईच्या पोटात पुढच्या वर्षीची टंचाई वाढत असते, हे केनेने ओळखलं. भाव पडला की शेतकरी बैल विकतो, खत घालत नाही, रान पड टाकतो. पुढच्या हंगामात पीक कमी, भाव वर, मग सगळे तेच पेरतात आणि पुन्हा ढीग. या हेलकाव्याचं गणित 1930 च्या दशकात मांडलं गेलं. कागदावर भाव आणि पीक यांच्या रेषांमध्ये तो काढला तर कोळ्याच्या जाळ्यासारखा दिसतो, म्हणून निकोलस कॅल्डॉर या अर्थशास्त्रज्ञाने 1934 मध्ये त्याला तेच नाव दिलं. कांदा लावणाऱ्याला ते जाळं आकृती न काढताही माहीत असतं. तरी तो त्यात पुन्हा शिरतो, कारण रोप टाकताना त्याच्यापुढे आजचा भाव असतो आणि माल निघतो चार-पाच महिन्यांनी.

याहून जुना आणि याहून निष्ठुर हिशोब इंग्लंडमधला आहे. चार्ल्स डॅव्हेनंटने 1699 मध्ये एक कोष्टक छापलं. ते ग्रेगरी किंगच्या नावाने ओळखलं जातं. गव्हाचं पीक एक दशांशाने घटलं तर भाव तीन दशांशांनी चढतो. दोन दशांश घट, आठ दशांश चढ. तीन दशांशांना सोळा, चारांना अठ्ठावीस, आणि निम्मं पीक बुडालं तर पंचेचाळीस दशांश, म्हणजे भाव नेहमीच्या साडेपाच पट. आकडे काटेकोर आहेत की ढोबळ, यावर पुढे पुष्कळ चर्चा झाली. पण त्यांतली चाल खरी आहे. भाकरीला पर्याय नसतो, त्यामुळे थोडी तूटसुद्धा भावाला फार उंच फेकते. हीच चाल उलट्या दिशेने लावा. माणूस कांदा स्वस्त झाला म्हणून दुप्पट खात नाही. बाजारात दहा गाड्यांच्या जागी बारा आल्या तर भाव एक-पंचमांशाने पडून थांबत नाही, तो कोसळतो. जास्तीच्या दोन गाड्या सगळ्या बाराही गाड्यांचा भाव ठरवतात.

आता ज्वारीकडे वळतो, कारण सोलापूरने थांबायची कला कांद्यावर नाही, ज्वारीवर कमावली. मंगळवेढ्याची मालदांडी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची, आणि पुढे पावसाचा थेंब नसला तरी काळ्या भुईत मुरलेल्या ओलीवर ती फेब्रुवारीत कणसं देते. त्या खोल काळ्या रानाला आधीच्या पावसाचं पाणी पीक येईपर्यंत धरून ठेवता येतं. भाकरीचंही तसंच. इथली कडक भाकरी पातळ थापून, तव्यावर भाजून, पार वाळवून ठेवली की महिनोन्‌महिने टिकते. शेंगाचटणीचा डबा सोबत असला की प्रवासाला, परगावी शिकणाऱ्या पोराला, लढाईला तीच पुरे. आणि धान्य टिकवायला होतं पेव.

पेव म्हणजे नुसता खड्डा नव्हे. पाणी न धरणारी, पांढरी, मुरमाड, उंचवट्याची जागा बघून ते खणायचं, बहुतेकदा गावठाणातच. तोंड अरुंद, माणूस जेमतेम उतरेल एवढं. खाली पोट रुंद. आत जाळ करून भिंती तापवायच्या, ओल मारायची. तळाला आणि कडेने वाळक्या कडब्याचा, पाचटाचा जाड थर. मग ज्वारी ओतायची, मधे पोकळी राहू नये म्हणून दाबत दाबत पार गळ्यापर्यंत. वर पुन्हा पाचट, त्यावर फरशी, आणि सांधे चिखलाने लिंपून माती. आतलं धान्य उरलीसुरली हवा संपवतं, तिथे किडा जगत नाही, आणि ज्वारी वर्षानुवर्षं राहते. बिघडतं ते दोन कारणांनी. ज्वारी ओलसर भरली तर ती तापते, काळवंडते. आणि चिखलाला भेग पडली तर पावसाळ्यात कडेचा वीतभर थर आंबून जातो. त्याचा आंबूस वास पेव उघडल्यावर घरभर राहतो. पेवातली ज्वारी खायला चालते, बियाण्याला चालत नाही, उगवण जाते; म्हणून बियाणं वेगळं, राखेत घोळून, मडक्यात. आणि उघडण्याची रीत तर प्राणाशी गाठ घालणारी. आतल्या हवेत प्राणवायू उरलेला नसतो. तोंड उघडून दिवसभर तसंच सोडायचं, मग दोरीला बांधून कंदील खाली सोडायचा. ज्योत विझली तर कुणी उतरायचं नाही. घाईने उतरलेली माणसं पेवातच राहिल्याच्या गोष्टी या भागात गावोगावी सांगतात.

घराचं पेव तसं राज्याचं कोठार. कौटिल्याने ‘अर्थशास्त्रा’तल्या कोष्ठागाराच्या, म्हणजे कोठाराच्या, प्रकरणात नियम घालून दिला आहे: जमा झालेल्यातलं अर्धं जनपदाच्या आपत्तीसाठी ठेवावं, अर्धं वापरावं, आणि नव्याने जुनं बदलत राहावं. त्यातली शेवटची अट सगळ्यात अवघड. साठा करणं सोपं असतं. तो फिरता ठेवणं, जुनं वेळेत बाहेर काढणं आणि तेवढंच नवं आत घेणं, इथे कोठारं नासतात. मुबलकतेचा विचारही त्याने केला होता. माल फार झाला तर पण्याध्यक्षाने, म्हणजे व्यापारावरच्या सरकारी अधिकाऱ्याने, तो एकाच ठिकाणाहून विकावा आणि तो संपेपर्यंत इतरांनी विकू नये, असं तो सांगतो. दहा गाड्यांच्या बाजारात बारा गाड्या एकदम उतरू द्यायच्या नाहीत, एवढंच त्याचं म्हणणं. दुष्काळात काय करावं? बियाणं आणि खाणं पुरवावं, किंवा अन्न देऊन किल्ल्यांची, बंधाऱ्यांची कामं काढावीत. रोजगार हमीचा गाभा त्या एका ओळीत आहे.

आणि दामाजीपंत. मंगळवेढ्याची ही कथा इथे कुणाला सांगायला नको. पण तिच्यातला एक भाग मला नेहमी विलक्षण वाटतो. पंतांनी दुष्काळात बिदरच्या बादशहाची कोठारं लोकांना लुटवली, इथेच कथा संपवता आली असती. ती संपत नाही. विठू महाराच्या रूपात विठोबा बिदरला जातो, धान्याची रक्कम मोजून भरतो आणि पावती घेऊन येतो. भुकेल्याला धान्य मिळालं तरी त्याचे पैसे कुणीतरी भरायचे असतात, हे भक्तांनीसुद्धा गाळलं नाही. भुकेल्यांच्या हातात ते पैसे नव्हते. कोठारात धान्य मात्र होतं.

अठराव्या शतकातल्या युरोपात वाद पेटला तो याच जागी. अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथने 1776 मध्ये धान्य-व्यापाऱ्याची बाजू घेतली. त्याचं म्हणणं असं, की पीक कमी आलं हे कळताच व्यापारी भाव चढवतो आणि त्यामुळे लोक सुरुवातीपासूनच जपून खातात. रसद कमी असताना जहाजाचा कप्तान खलाशांचं रोजचं खाणं मोजून देतो, तेच काम व्यापारी स्वतःच्या नफ्यासाठी करतो. बंगालच्या 1770 च्या दुष्काळाबद्दलही त्याने लिहिलंय: अवर्षणाने महागाई आली असेल, पण ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांनी तांदळाच्या व्यापारावर घातलेल्या अविचारी बंधनांनी तिचा दुष्काळ केला असावा. यात तथ्य आहे. साठेबाजाला बडवून धान्य वाढत नाही, ते आणखी खोल लपतं. मात्र कप्तान सगळ्या खलाशांना सारखं कमी देतो. बाजार ज्याच्या हातात पैसे आहेत त्याचं ताट भरलेलं ठेवतो आणि ज्याच्या हातात नाहीत त्याचं पूर्ण काढून घेतो. स्मिथच्या उपमेत हा फरक येत नाही.

नेपल्सचा पाद्री गालियानी याने 1770 मध्येच यातली मेख दाखवली होती. व्यापार मोकळा ठेवला तर धान्य टंचाईकडे वाहत जाईल, हे कबूल. पण बातमी जायला वेळ, जहाज भरायला वेळ, यायला वेळ; आणि पोट तेवढं थांबत नाही. त्याच सुमाराला फ्रान्समधल्या लिमोज प्रांताचा कारभार पाहणारा तुर्गो मोकळ्या व्यापाराचा कट्टर पुरस्कर्ता होता, तरी दुष्काळात त्याने गरिबांसाठी रस्त्यांची कामं काढली. व्यापाऱ्याने धान्य आणावं, असं वाटत असेल तर आधी घेणाऱ्याच्या हातात मजुरी पडली पाहिजे, हे त्याला कामावरून कळलं होतं. पुढे तो अर्थमंत्री झाला, 1774 मध्ये धान्यव्यापार खुला केला, पीक वाईट आलं आणि 1775 च्या वसंतात पॅरिसभोवती पावासाठी दंगली उसळल्या. लिमोजमध्ये मजुरी होती. पॅरिसमध्ये नुसती मोकळीक पुरली नाही.

यातलं काय हिंदुस्थानात आलं? जे सोयीचं होतं ते. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ माल्थस 1805 पासून 1834 मध्ये वारला तोवर कंपनीच्या इंग्लंडमधल्या कॉलेजात प्राध्यापक होता. इकडे येणारे कलेक्टर त्याच्या हाताखालून गेले. लोकसंख्या वाढते, अन्न पुरत नाही, हे त्याचं सूत्र साऱ्यांच्या तोंडी बसलं. पण 1800 च्या एका पुस्तिकेत त्याने आणखी काही लिहिलं होतं: स्वीडनमध्ये त्याने धान्याची जबर तूट आणि झाडाच्या सालीचा पाव पाहिला होता, तरी भाव तिथे इंग्लंडएवढे चढले नव्हते, इंग्लंडमध्ये गरिबांना मदतीचे पैसे मिळत होते म्हणून भाव जास्त चढला, आणि त्यामुळेच तूट एकट्या गरिबावर न पडता साऱ्यांवर वाटली गेली. हा माल्थस सोलापूरला पोचलाच नाही.

1876-77 च्या दुष्काळात पोचलं ते एक पौंड धान्य. बिहारमध्ये 1873-74 ला सर रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने ब्रह्मदेशाचा तांदूळ आणून माणसं वाचवली, आणि उधळपट्टीचा ठपका घेतला. म्हणून 1877 मध्ये तोच माणूस काटकसर करायला आला आणि दुष्काळी कामावरच्या धडधाकट पुरुषाची दिवसाची मजुरी एक पौंड धान्य आणि वर एक आणा अशी खाली आणली. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. दिवसभर खडी फोडणाऱ्याला. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांच्या बाजूने अर्जांवर अर्ज केले आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून खबरा गोळा केल्या. रेल्वे तर सोलापुरात 1860 लाच आली होती. रुळांवरून धान्य येऊ शकत होतं तसं जाऊही शकत होतं. ते पैशाकडे जातं.

सोलापूरच्या विणकराकडे पाहिलं की गोष्ट उघडी पडते. त्याचं शेत नाही, त्यामुळे पाऊस न पडून त्याचं पीक बुडत नाही. बुडतं गिऱ्हाईक. कुणब्याच्या घरी दाणा नसला की लुगडं कोण घेणार? माग बंद, सूत अंगावर, आणि ज्वारी मात्र दुपटीने. सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात हेच दुसऱ्या बाजूने दिसतं. चारा संपला की सगळेच खिल्लार घेऊन एकदम बाजारात येतात; बैलाचा भाव पडतो, ज्वारीचा चढतो. चांगल्या साली एका बैलात जितकी पोती ज्वारी आली असती, त्याच्या चौथाईवरही सौदा होतो. पेंढीभर कडब्यासाठी बैल जातो, आणि पाऊस आल्यावर पेरायला बैल नसतो. दुष्काळ अशा रीतीने पुढच्या सालात शिरतो.

1880 च्या दुष्काळ आयोगाने हे ओळखलं, की अवर्षणात पहिल्यांदा बुडते ती मजुरी. त्यातून दुष्काळ संहिता, म्हणजे दुष्काळात सरकारने काय करावं याचे नियम, आले. पूर्ण रूपात ते मांडलं अमर्त्य सेन यांनी, 1981 मध्ये. बंगालमध्ये 1943 ला लाखो माणसं मेली तेव्हा धान्य मागच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा जेमतेम पाच टक्क्यांनी कमी होतं, आणि 1941 पेक्षा जास्त, असा त्यांचा हिशोब. मेले ते शेतमजूर, कोळी, कारागीर: ज्यांच्या श्रमाच्या बदल्यात मिळणारा तांदूळ आटला ते. महाराष्ट्रात 1972 चा दुष्काळ पिकाच्या मानाने भयंकर होता, राज्याचं धान्य निम्म्याखाली आलं. तरी प्रेतांचे ढीग पडले नाहीत. मे 1973 मध्ये जवळपास 50 लाख माणसं कामावर होती: पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी. लाल मिलो ज्वारीची न थापली जाणारी भाकरी आणि सुकडी खाऊन माणसं जगली. चुका होत्याच. मोजमाप आठवड्याने, पगार त्याच्याही नंतर, आणि मधल्या दिवसांत दुकानदाराची उधारी. तेवढ्या उशिरानेही पोरं खंगत. पण हातात मजुरी येत होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या चिकाटीने रोजगार हमीचा कायदा झाला, 1977 चा, आणि 2005 मध्ये देशाने तो उचलला.

उपाशी माणसाला मजुरी येईपर्यंत थांबता येत नाही, हे इतक्या वर्षांनी आपण मान्य केलं, त्यासाठी कायदा केला. पिकवणाऱ्याला भाव येईपर्यंत थांबता येत नाही, याचं काय? त्या दहा पोत्यांच्या धन्याला ना उपाशी म्हणता येत, ना त्याच्याकडे धान्याची तूट. कोणत्याही दुष्काळ संहितेत तो बसत नाही. त्याला आत्ता विकावंच लागतं: सोसायटीचं कर्ज मार्चमध्ये भरायचं असतं, दुकानदाराची खताची उधारी असते, आणि लाल कांदा उद्या आणखी मऊ होणार असतो.

ज्वारी-तुरीवाल्यासाठी एक वाट आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990 पासून चालू आहे. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, पिकानुसार किमतीच्या पाऊण हिश्शापर्यंत उचल घ्यायची, सहा टक्के व्याज, सहा महिने मुदत; भाव आला की विकून कर्ज फेडायचं. पेवाचंच काम, पावतीवर. अडतं कुठे तेही ठाऊक आहे. धान्य 12 टक्क्यांच्या आसपास ओलीपर्यंत वाळलेलं लागतं, चाळलेलं लागतं. सहा-सात पोत्यांसाठी टेंपो करून तालुक्याला जाणं परवडत नाही. सुगीत गोदाम बहुधा आधीच भरलेलं असतं, त्यात व्यापाऱ्याचा मालही असतो. आणि उचलीला चार दिवस लागले तर गावातला खरेदीदार तोवर रोख घेऊन दारात उभा असतो. गावाजवळचं छोटं गोदाम, साधं ओलावा मोजायचं यंत्र आणि त्याच दिवशी उचल, एवढ्याने ज्वारीचं बरंचसं भागेल. लाल कांदा त्या गोदामात ठेवता येत नाही. त्याला कोठार नाही, तारण नाही. पण्याध्यक्षाने जास्तीच्या गाड्या वाटेतच अडवून त्यांचा भाव सांभाळावा, तसं इथे कुणी नाही. डिसेंबरात कुठल्या तालुक्यातून किती कांदा निघणार, हे लागणीच्या नोंदींवरून ऑक्टोबरातच सांगता येतं. ते कुणी सांगत नाही, आणि शेकडो गाड्या एकाच पहाटे हैदराबाद रोडला येऊन लागतात.